चर, केबल आणि सातबारा: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

दूरसंचार प्रकल्पांच्या कामात अडचणी नेमक्या कुठे येतात, यावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं साइटवर उभं राहून काम करून घेणाऱ्यांकडून आली आहेत. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. काही प्रश्न जोडून एक केले आहेत.

प्रश्न : तालुक्याच्या ठिकाणापासून गावांपर्यंत ३८ किलोमीटर फायबर (प्रकाशातून माहिती नेणारी काचेच्या तंतूंची केबल) टाकायचं काम आमच्याकडे आहे. तक्त्यावर ८४ टक्के काम झालेलं दिसतं. तीन महिने झाले, हा आकडा फारसा हलत नाही आणि एकही गाव चालू झालेलं नाही. वरून रोज फोन येतात. चुकतंय कुठे?
— प्रकल्प समन्वयक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तुमचा तक्ता खोदलेले मीटर मोजतोय, हीच चूक आहे. ठेकेदाराला पैसे मीटरवर मिळतात, त्यामुळे तो रस्त्याकडेची मोकळी, सरळ खोदाई आधी उरकतो. मागे राहिलेले सहा किलोमीटर म्हणजे रेल्वेचा रूळ, दोन पूल, साकव, घाटातलं वळण, वनखात्याची हद्द आणि बाजारपेठेतली अरुंद गल्ली. प्रकाशाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग काच लागते. बत्तीस किलोमीटर तुकड्यातुकड्यांनी तयार असले, तरी त्यांचा उपयोग शून्य.

तक्ता बदला. केबलचा दोन किलोमीटरचा एक ड्रम (रीळ) म्हणजे एक टप्पा धरला, तर तुमचे एकोणीस टप्पे होतात. प्रत्येक टप्प्यापुढे चार रकाने ठेवा : डक्ट (केबलसाठीची प्लास्टिकची नळी) टाकला, डक्टची चाचणी पास झाली, केबल ब्लो झाली (हवेच्या जोरावर डक्टमध्ये ढकलली), जोड मारून ओटीडीआर (फायबरमधला तोटा आणि बिघाडाचं अंतर दाखवणारं यंत्र) घेतला. चारही रकाने भरले तरच तो टप्पा पूर्ण धरायचा, नाहीतर शून्य. पहिल्या दिवशी तुमचा ८४चा आकडा कदाचित ३० वर येईल. वरच्यांना तो एकदाच नीट समजावून सांगा. त्यानंतर रोजचे फोन आपोआप कमी होतील, कारण पुढच्या महिन्यात काय चालू होणार हे तक्त्यावरच दिसू लागेल.

क्रॉसिंगची यादी वेगळी ठेवा. प्रत्येक क्रॉसिंगपुढे अर्जाची तारीख, फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे आणि पुढची पायरी कोणती, या तीन गोष्टी असाव्यात. पाहणीच्या दिवशीच संपूर्ण मार्ग गाडीने आणि अवघड भाग पायी फिरून ही यादी करायची आणि खोदाई सुरू होण्याआधी सगळे अर्ज टाकायचे. रेल्वेखालून जायचं तर नकाशा, संयुक्त पाहणी, शुल्क आणि रेल्वेच्या देखरेखीखाली आडवं ड्रिलिंग, अशी रांग असते. पुलावर कठड्याबाहेरून जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप टांगायचा असेल, तर पुलाच्या मालक खात्याची संमती लागते. वनजमीन असेल तर वनकायद्याखालची परवानगी वेगळी.

दूरसंचार कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याखालचे मार्गाधिकाराचे (केबल-टॉवरसाठी जागा वापरण्याच्या हक्काचे) नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. अर्ज ऑनलाइन जातो आणि मुदतीत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. तरतूद चांगली आहे, पण निव्वळ तिच्या भरवशावर जेसीबी उतरवू नका. रस्त्यावरच्या शाखा अभियंत्याच्या हाती कागद नसेल तर तो काम थांबवणारच आणि त्याचंही चूक नाही. मानीव परवानगीचं पत्र छापून त्याच्या कार्यालयात आणि जवळच्या पोलिस ठाण्यात पोच घेऊन द्या, मग खोदा.

कोकणातलं वेळापत्रक पावसाळ्यापासून उलटं मोजत आणावं लागतं. जून ते सप्टेंबर खोदाई धरूच नका. उरलेल्या आठ महिन्यांतून दिवाळी वजा करा, शिमग्याला स्थानिक गडी कामावर नसतात तेही वजा करा. मऊ मुरमात एक जेसीबी दिवसाला दोन-तीनशे मीटर चर काढतो. कातळात ब्रेकर लावल्यावर तोच आकडा चाळीस-पन्नासवर येतो. सरासरी काढून वेळापत्रक बनवलं की ते कातळाच्या पहिल्याच आठवड्यात कोसळतं. म्हणून मुरमाचे दिवस आणि कातळाचे दिवस वेगवेगळे मांडा.

प्रश्न : आम्ही पोटठेकेदार आहोत. १.६५ मीटर खोलीचा दर ठरलाय. खाली एक मीटरवरच काळा दगड लागला. आता कंपनीचा माणूस म्हणतो हा मुरूम आहे, दगडाचा दर मिळणार नाही.
— बीड

उत्तर : हा वाद खोदाईनंतर सुटत नाही, कारण चर बुजला की पुरावाही बुजतो. करारात व्याख्या यंत्रावरून लिहून घ्या. जेसीबीच्या दाताने निघतो तो मुरूम, ब्रेकर किंवा कॉम्प्रेसर लावल्याशिवाय निघत नाही तो कातळ. मधल्या थराला तिसरा दर. काम सुरू होण्याआधी दर दोनशे मीटरला एक चाचणी खड्डा दोघांच्या समक्ष पूर्ण खोलीचा काढा आणि थर कुठे बदलतो ते लिहून दोन्ही सह्या घ्या. खोदताना दर पंचवीस-तीस मीटरवर चरात पट्टी उभी धरून फोटो काढा. फोटोत पट्टीचा आकडा, दगडाची कड आणि स्थळ-वेळेची नोंद, तिन्ही दिसायला हवीत.

जिथे पूर्ण खोली मिळतच नाही, तिथे कमी खोलीला परवानगी आणि वरून संरक्षण असा मार्ग असतो : जीआय पाइप, दुपदरी नालीदार पाइप किंवा काँक्रीटचं आवरण. त्याचा दर वेगळा असतो आणि खोलीच्या प्रमाणात कपातही होते. दोन्ही आधी लेखी मंजूर करून घ्या. तोंडी ‘टाक, बघू’ यावर काँक्रीट ओतू नका.

बिल अडकायचं दुसरं कारण म्हणजे मोजमापाला होणारा उशीर. संयुक्त मोजमाप दर आठवड्याला झालं पाहिजे. महिनाअखेरीला एकदम सात किलोमीटर मोजायला कोणी येत नाही. आणि पैसे न मिळालेली टोळी पुढच्या जिल्ह्यात निघून गेली की प्रकल्पाचे तीन आठवडे जातात. ज्यांच्या हाती मोजमाप आहे, त्यांनी हे मनावर घ्यावं.

प्रश्न : ४० मिलिमीटरच्या डक्टमध्ये केबल ब्लो करताना सहाशे मीटरवर अडकते. कॉम्प्रेसर मोठा आणला तरी तेच.
— फायबर पर्यवेक्षक, सोलापूर

उत्तर : कॉम्प्रेसर मोठा करून हे सुटणार नाही. दाब वाढवला की केबल अडथळ्यापाशी दुमडते आणि आतला फायबर दुखावतो.

केबल यंत्रात घालण्याआधी डक्टच्या दोन चाचण्या झाल्या होत्या का ते बघा. एक, हवेच्या जोरावर आतून स्पंज आणि मागून लाकडी गोळा किंवा दंडगोल पाठवणं. त्याचा व्यास डक्टच्या आतल्या व्यासाच्या ८० टक्के असावा. तुमचा डक्ट बाहेरून ४० आणि आतून ३३ मिलिमीटरचा असेल, तर साधारण २६ मिलिमीटरचा. स्पंज ओला चिखल घेऊन बाहेर आला, तर डक्टचं तोंड प्लग न लावता उघडं राहिलं होतं हे नक्की. दोन, दोन्ही टोकं बंद करून ५ किलोचा दाब भरायचा आणि तासभर काटा बघायचा. काटा उतरत गेला तर कुठला तरी कपलर (दोन डक्ट जोडणारा तुकडा) अर्धाच बसलाय. डक्टचं टोक करवतीने तिरकं कापलं, की ते कपलरच्या मध्यापर्यंत पोचत नाही. त्यासाठी डक्ट कटर प्रत्येक टोळीकडे हवा. तो महाग नाही.

गोळाही अडला तर त्याच्या मागची दोरी ओढून तिची लांबी मोजा. तेवढ्या अंतरावर खोदलं की बहुधा चपटा झालेला डक्ट सापडतो. भरावात टाकलेला मोठा दगड थेट डक्टवर बसलेला असतो. डक्टखाली आणि वर चाळलेली माती टाकायची असते, ती याचसाठी.

गोळा आरपार गेला आणि केबल तरीही अडली, तर घर्षणाकडे बघा. चराचा तळ सपाट न केल्यामुळे डक्ट सापासारखा वरखाली गेलेला असतो आणि प्रत्येक लाटेला केबल घासते. तुमच्याकडे मार्च ते मे कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा इतकी तापते, की केबलचं आवरण आणि डक्ट दोन्ही चिकट होतात. कॉम्प्रेसरला आफ्टरकूलर लावा, डक्टमध्ये आधी वंगण फिरवा आणि काम पहाटे घ्या. तरीही अंतर निघत नसेल, तर मधलं चेंबर (जमिनीखालची केबलची कुंडी) उघडा, आलेली केबल जमिनीवर इंग्रजी आठच्या आकड्यात पसरा आणि तिथून पुढे दुसऱ्यांदा ब्लो करा. जेसीबीच्या बकेटला दोरी बांधून केबल ओढण्याचा प्रकार कुठे चालत असेल, तर तिथेच थांबवा. त्या दिवशी फायबर तुटत नाही, सहा महिन्यांनी तुटतो.

प्रश्न : ओटीडीआरने बिघाड ७.४२ किलोमीटरवर दाखवला. आम्ही मार्गावर मोजून नेमकं तिथे खोदलं, केबल ठणठणीत. तीन खड्डे काढले. यंत्र चुकीचं आहे का?
— देखभाल तंत्रज्ञ, कोल्हापूर

उत्तर : यंत्र बरोबर आहे. ते काचेची लांबी सांगतं, तुम्ही रस्त्याची लांबी मोजलीत. या दोहोंतला फरक समजला की खड्डे वाचतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केबलच्या आत फायबर सरळ नसतो. नळ्या मधल्या दांड्याभोवती पिळून गेलेल्या असतात, त्यामुळे केबलच्या प्रकारानुसार फायबर एक-दोन टक्के जास्त लांब असतो. तुमच्या केबलला दीड टक्का धरू. ७,४२० भागिले १.०१५ म्हणजे केबलची लांबी साधारण ७,३१० मीटर झाली. त्यात आधीच्या तीन जोडांच्या चेंबरमध्ये दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटरची वेटोळी, म्हणजे साठ मीटर. सुरुवातीच्या उपकरणांच्या खोलीत वीसेक मीटर. ते वजा करून रस्त्यावरचं अंतर उरतं सुमारे ७,२३० मीटर. तुम्ही जवळजवळ १९० मीटर पुढे खोदत होतात. ओटीडीआरमधला अपवर्तनांक केबलच्या पत्रकाप्रमाणे नसेल तर आणखी भर पडते. १.४६७ ऐवजी १.४६८ ठेवला तरी साडेसात किलोमीटरला पाच मीटर सरकतात.

यापेक्षा चांगली रीत म्हणजे सुरुवातीच्या उपकरणांच्या खोलीपासून मोजायचंच नाही. बिघाडाच्या अलीकडचा माहीत असलेला जोड शोधा. समजा, तिसरा जोड ओटीडीआरवर ६.०७५ किलोमीटरवर दिसतो. बिघाड त्यापासून १,३४५ मीटर काचेवर, म्हणजे केबलवर १,३२५ मीटर. आता त्या जोडाचं चेंबर उघडा. केबलच्या काळ्या आवरणावर दर मीटरला पांढरा आकडा छापलेला असतो. पुढे जाणारी केबल जोडपेटीत शिरते तिथे ०००४ वाचलात, तर बिघाड १३२९ च्या आसपास आहे. आकडे उतरत जाणारे असतील तर वजाबाकी करा. मार्गावरचं पुढचं कुठलंही चेंबर उघडून तिथला आकडा वाचा. समजा तो १२८० निघाला, तर तिथून पुढे पन्नासेक मीटरच्या आत खोदायचं. दुसऱ्या टोकाकडूनही एक मोजणी घेतली, तर दोन्हीकडून येणारी जागा जुळते की नाही ते कळतं.

फायबर पूर्ण तुटलेला नसून ओटीडीआरच्या आलेखात नुसती पायरी (प्रकाशाची अचानक घट) दिसत असेल, तर १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर मोजा. दोन्हीवर पायरी सारखीच असेल तर जोड वाईट आहे. १५५० वर बरीच मोठी आणि १३१० वर किरकोळ असेल तर फायबर कुठे तरी वाकलाय, बहुधा जोडपेटीच्या ट्रेमध्ये. नेहमीच्या फायबरला ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येची वेटोळी सोसत नाहीत. नुसता ट्रे उघडून वेटोळं सैल केलं की काम होतं, खोदायची गरजच नसते.

जोडाचा तोटा (तिथे कमी होणारा प्रकाश) ठरवताना एकाच बाजूचा आकडा धरू नका. एका बाजूने ०.१८ डेसिबल तोटा आणि दुसऱ्या बाजूने ०.०६ डेसिबल चक्क वाढ दिसू शकते. दोन्ही काचांच्या गाभ्यात सूक्ष्म फरक असल्यामुळे असं होतं. खरा तोटा म्हणजे दोन्हींची सरासरी, ०.०६. असा जोड पुन्हा मारण्यात वेळ घालवू नका.

हे सगळं आवरणावरच्या आकड्यांच्या नोंदीवर उभं आहे. काम हातात घेताना प्रत्येक चेंबरवर केबल आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा आकडा, वेटोळ्याची लांबी, चराची खोली आणि अक्षांश-रेखांश लिहिलेला तक्ता नसेल, तर ते काम स्वीकारूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तक्ता टोळी साइटवर असतानाच अर्ध्या तासात तयार होतो. नंतर तो कुणालाच करता येत नाही.

प्रश्न : लिंक वर्षभर नीट चालली. आता एररी येतात. एसएफपी (फायबरवर प्रकाश पाठवणारं आणि घेणारं छोटं मॉड्यूल) बदलला, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. अंतर ११.६ किलोमीटर, एसएफपी दहा किलोमीटरचा, १० गिगाबिटचा.
— नेटवर्क इंजिनिअर, नाशिक

उत्तर : हिशेब मांडून बघा. १३१० नॅनोमीटरवर किलोमीटरला ०.३५ डेसिबल तोटा धरला तर ११.६ किलोमीटरला ४.०६. दोन-दोन किलोमीटरच्या ड्रमचे पाच जोड, प्रत्येकी ०.१, म्हणून ०.५. दोन्ही टोकांचे कनेक्टर मिळून १.०. एकूण ५.५६. या जातीच्या एसएफपीला झेपणारा तोटा ६.२ डेसिबल. म्हणजे पहिल्या दिवशी हातात जेमतेम ०.६४ उरले होते.

आता वर्षभरात केबल किती वेळा तुटली ते विचारा. प्रत्येक तोडीत मधे तुकडा घालावा लागतो, म्हणजे दोन नवे जोड, ०.२ डेसिबल. तीन तोडींत ०.६ गेले. चौथ्या तोडीनंतर लिंक काठाबाहेर. नवा एसएफपी थोडा जास्त प्रकाश टाकतो, म्हणून दोन दिवस बरं वाटतं.

आधी दोन्ही कनेक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघून पुसा, धुळीपायीच अर्धा डेसिबल जातो. मग ४० किलोमीटरचा, १५५० वर चालणारा एसएफपी दोन्ही बाजूंना लावा. पण नुसता लावू नका. तो जास्तीत जास्त ४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) टाकतो आणि घेणारा उणे १ च्या वर सोसत नाही. १५५० वर तुमच्या मार्गाचा तोटा चार-साडेचारच भरेल, म्हणून मधे ५ डेसिबलचा अॅटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा भाग) घाला. पुढच्या प्रकल्पात दुरुस्तीसाठी ३ डेसिबल बाजूला ठेवल्याशिवाय एसएफपीची ऑर्डर काढू नका. अंतर बघून खरेदी विभागाने परस्पर ऑर्डर काढली की हेच होतं.

प्रश्न : आमची रिंग आहे (एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूने सेवा चालते), तरी रस्ता रुंदीकरणात एका पोकलेनने एकाच वेळी दोन्ही बाजू तोडल्या. हे कसं?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नकाशावर रिंग आहे, जमिनीत नाही. गावाबाहेर पडताना किंवा पुलावर दोन्ही हात एकाच चरात गेलेले असतात. कधी एकाच केबलमधल्या वेगवेगळ्या फायबरवर असतात. खर्च वाचवायला कोणीतरी तो निर्णय घेतला आणि नकाशावर मात्र दोन रेघा तशाच राहिल्या. मार्गाचे अक्षांश-रेखांश एकावर एक टाकून जिथे दोन हातांत पन्नास मीटरपेक्षा कमी अंतर आहे, ते सगळे तुकडे शोधा. वेगळा मार्ग मिळेपर्यंत त्या तुकड्यावर मायक्रोवेव्हची (बिनतारी लिंकची) जोड द्या.

भारतनेटच्या (ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या सरकारी प्रकल्पाच्या) पहिल्या टप्प्यांत तालुक्यापासून ग्रामपंचायतींपर्यंत सरळ रेघेत केबल गेली. मधे एक तोड झाली की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात रिंगची रचना घेतली ती यासाठीच. ती जमिनीवरही रिंगच राहते का, हे मार्ग आखतानाच तपासलं पाहिजे.

तोडींबाबत : खोदणाऱ्याने आधी कळवावं म्हणून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप मार्च २०२३ पासून आहे. पण तुमच्या केबलचा मार्ग त्यात भरलेलाच नसेल, तर खोदणाऱ्याला काही दिसणार नाही. आधी आपली माहिती भरा. रुंदीकरणाच्या ठेकेदाराकडून पुढच्या पंधरा दिवसांचा कामाचा पट्टा मागून घ्या आणि त्या पट्ट्यात एक माणूस उभा ठेवा. एका रात्रीच्या दुरुस्तीपेक्षा त्याचा महिन्याचा पगार कमी असतो.

प्रश्न : टॉवरसाठी जागा ठरली, भाडं ठरलं, पाया खोदायला गेलो तर मालकाच्या चुलतभावाने काम अडवलं. आता महिना झाला.
— साइट अधिग्रहण अधिकारी, सातारा

उत्तर : सातबारा वरवर वाचला गेला. जमिनीशी व्यवहार करणारा एक भाऊ असतो आणि सातबाऱ्यावर नावं सात असतात. टोकन देण्याआधी चालू तारखेचा डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ आणि गेल्या काही वर्षांचे फेरफार काढा. मृत व्यक्तीचं नाव अजून असेल, तर वारस नोंद झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहिणींची नावं वगळून ‘त्या काही म्हणत नाहीत’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्यांच्या सह्या घ्या. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागेल. वाटणी तोंडी झालेली असेल, तर सर्व सहहिस्सेदारांची नोंदणीकृत संमती घ्या. पंधरा मीटर बाय पंधरा मीटरची जागा म्हणजे सव्वादोन गुंठे. ती गटात नेमकी कुठे येते, त्याची मोजणी करून खुणा रोवा. जागेपर्यंत जाणारी वाट कोणाच्या बांधावरून जाते, हेही करारात लिहा. काँक्रीटची गाडी आणि पुढे डिझेलची गाडी त्याच वाटेने जाणार आहे.

प्रत्येक ठिकाणासाठी दुसरा पर्याय पहिल्याच दिवशी पक्का करा. अडलेल्या जागेला किती दिवस द्यायचे तेही ठरवून ठेवा. आमच्या मते एकवीस, त्यानंतर दुसरी जागा. चुलतभावाशी मालक स्वतः बोलला तरच सुटतं. कंपनीच्या माणसाने मधे पडून दोघांना वेगवेगळे शब्द दिले तर ते भांडण आपल्या अंगावर येतं.

पायाचं वेळापत्रकही इथेच बघून घ्या. काँक्रीट २८ दिवसांनी ठरलेली ताकद घेतं. महिना वाया गेला म्हणून क्युरिंगमधले दिवस कापू नका. क्यूबच्या (काँक्रीटच्या नमुना ठोकळ्याच्या) चाचणीचा निकाल बघून टॉवर कधी उभा करायचा, ते संरचना अभियंत्याने लिहून द्यावं. महावितरणच्या जोडणीचा अर्ज मात्र पाया खोदायच्या आधीच गेला पाहिजे. टॉवर तयार आणि वीज नाही, म्हणून जनरेटरवर महिनोन्‌महिने चालवलेली ठिकाणं कमी नाहीत.

प्रश्न : गावकरी किरणांच्या भीतीने टॉवरला विरोध करतात. काय सांगावं?
— लातूर

उत्तर : भीतीला हसू नका, आकडे दाखवा. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक-दशांश आहे. ती ओलांडली तर प्रत्येक बेस स्टेशनमागे १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ‘तरंग संचार’ या सरकारी पोर्टलवर जवळच्या टॉवरची माहिती कोणालाही बघता येते. ग्रामसभेत मोबाइलवर ते उघडून दाखवा. बैठक पाया खोदण्याआधी घ्या, नंतर नको. जनरेटरचा आवाज आणि धूर ही तक्रार तर पूर्ण खरी असते. त्याचं तोंड घरांकडे ठेवू नका.

प्रश्न : मुख्य ठिकाणाची लिंक मायक्रोवेव्हवरून फायबरवर न्यायची आहे. मागे चाळीस साइट (टॉवर) त्याच लिंकवर लटकलेल्या आहेत. रात्रीचं काम कसं आखावं?
— ट्रान्समिशन विभाग, पुणे

उत्तर : मध्यरात्री बारा ते पहाटे पाच हा वेळ तुमचा. त्यातला परत फिरायचा वेळ आधी बाजूला काढा. जुन्या जोडणीवर परत यायला किती मिनिटं लागतात ते अंदाजाने लिहू नका, कमी महत्त्वाच्या साइटवर एकदा करून घड्याळ लावा. समजा चाळीस मिनिटं लागली. दुप्पट धरून ऐंशी. म्हणजे तीन वाजून चाळीस मिनिटांनी नवी लिंक पूर्ण चालू नसेल, तर विचारविनिमय न करता परत फिरायचं. तो निर्णय कोणी घ्यायचा त्या एका माणसाचं नाव कागदावर असावं. पावणेचारला ‘आणखी दहा मिनिटं द्या’ असा फोन हमखास येतो आणि पहाटेपर्यंत चाळीस साइट बंद राहतात.

काम सुरू होण्याआधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्या आणि चालू अलार्मची यादी छापा. आधीपासून बंद असलेल्या दोन साइट नंतर तुमच्या नावावर नकोत. फायबर आठवडाभर आधी रिकामा चालवून त्यावरच्या एररी शून्य आहेत हे बघा. मायक्रोवेव्हचा संच काढू नका, पुढचे पंधरा दिवस तसाच चालू ठेवा. दोन्ही टोकांना माणूस उभा हवा आणि त्याच्याकडे एक जादा एसएफपी, दोन जादा पॅचकॉर्ड, क्लीनर आणि पॉवरमीटर हवा. साइटच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे संध्याकाळी सहा वाजता फोन करून विचारा. किल्लीवाला दुसऱ्या तालुक्यात आहे म्हणून रात्र फुकट जाणं, हे फायबरच्या कुठल्याही बिघाडापेक्षा जास्त वेळा घडतं.

तारीख निवडताना मागच्या चाळीस साइट कुठे आहेत ते बघा. कोकणातल्या असतील तर गणपतीच्या आधीचे दहा दिवस आणि गणपतीचे दिवस हात लावू नका. मुंबई-पुण्याची माणसं गावी असतात आणि वर्षभर शांत असलेल्या साइटवर ताण येतो. वारीच्या मार्गावरच्या असतील तर आषाढीपर्यंत थांबा. काम झाल्यावर चाळीसही साइटवरून प्रत्यक्ष एक फोन आणि थोडा डेटा चालवून बघा. अलार्म गेला म्हणजे साइट चालू झाली असं नाही. एखादा व्हीलॅन (नेटवर्कमधल्या आभासी मार्गिकेचा) क्रमांक राहून गेला, तर अलार्म हिरवा असतो आणि गावात फोन लागत नाही.